वाचक विचारतात : नीरफणस घरी आला, आता करायचं काय?

प्रश्न : सावंतवाडीच्या बहिणीने दोन नीरफणस पाठवलेत. एक टणक आहे, दुसरा दाबला की बोट रुततं. फणसासारखे दोन्ही पिकू द्यायचे का? आणि चिरायचे कसे?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : टणक फळ पिकायची वाट अजिबात पाहू नका, आज-उद्याच चिरा. नीरफणस फणसाच्या कुळातला खरा, पण स्वयंपाकघरात त्याला बटाटा समजायचं. त्याची सगळी मजा कच्चेपणी आहे. कच्चा म्हणजे कोवळा मात्र नव्हे, चांगला जून हवा.

जून फळ ओळखायला सोपं आहे. सालीच्या हिरव्या रंगाला पिवळसर झाक येते, तिच्यावरच्या षटकोनी खुणा चपट्या होतात आणि वाळलेल्या चिकाचे तपकिरी ठिपके दिसतात. साल गर्द हिरवी आणि हाताला टोचरी लागली तर फळ कोवळं. त्यात पिष्ट भरलेलं नसतं, म्हणून कितीही शिजवा, ते पाणचट आणि स्पंजासारखंच लागतं.

चिरण्याआधी विळीला आणि हातांना खोबरेल लावा. चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही, आणि ज्यांना रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं. देठाकडून उभे दोन भाग करा, मग चार. मधला पोकळसर, दशीदार दांडा काढून टाका. साल जरा जाडच काढा, खालचा हिरवा थर राहिला तर तो चिवट लागतो. फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाका. उघड्या राहिल्या तर काही मिनिटांत काळ्या पडतात.

मऊ पडलेल्याचे काप होणार नाहीत. त्यातलं पिष्ट साखरेत बदलू लागलंय. चमच्याने गर काढा आणि शिऱ्यात केळ्याऐवजी घाला, किंवा गूळ आणि कणीक घालून घारगे करा. आंबूस वास येत असेल तर टाकून द्या.

प्रश्न : रव्यातले काप केले. बाहेरून करपले, आतून कच्चे राहिले आणि रवा तव्यातच गळून पडला. काय चुकलं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तीन वेगळ्या चुका आहेत. आतून कच्चे राहिले, कारण काप जाड होते आणि आच मोठी. काप अर्धा सेंटिमीटरचेच हवेत, आपण पेन्सिल धरतो तिच्यापेक्षा थोडे बारीक. रवा गळला, कारण काप ओले होते. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर सुती कापडावर पसरून दोन्ही बाजू टिपून घ्या. आणि मीठ-मसाला लावून ते फार वेळ ठेवले, तर मिठाने पाणी सुटतं आणि टिपण्याचे कष्ट वाया जातात. दहा मिनिटं पुरेत.

अर्धा किलो कापांना दीड चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, चिमूटभर हिंग, पाऊण चमचा मीठ आणि दोन चमचे आमसुलाचा दाट कोळ. वर लावायला अर्धी वाटी बारीक रवा आणि पाव वाटी तांदळाचं पीठ. नुसता रवा सुटा राहतो, पीठ त्याला धरून ठेवतं. घोळल्यावर तळव्याने हलकं दाबा.

बिडाचा तवा तापला की आच मध्यमपेक्षा कमी करा. काप मोकळे मांडा, कडेने तेल सोडा, झाकण ठेवून चार मिनिटं थांबा. आतला गर वाफेवर शिजतो. उलटल्यावर झाकण पुन्हा ठेवायचं नाही, नाहीतर वाफेचं पाणी पडून कुरकुरीतपणा जातो. दुसरी बाजू चार-पाच मिनिटांत खरपूस होते. सुरी सहज आत गेली म्हणजे झालं.

रस्सा करायचा असेल तर आपला काळा मसाला आणि भाजलेलं सुकं खोबरं यांच्याशी नीरफणसाचं उत्तम जमतं. फोडी मोठ्या ठेवा आणि उघड्या पातेल्यात शिजवा, साधारण पंधरा मिनिटं. कुकरमध्ये त्यांचा लगदा होतो.

पथ्याची भाजी म्हणून मात्र याच्याकडे पाहू नका. १०० ग्रॅम गरात सुमारे २७ ग्रॅम कर्बोदकं असतात, बटाट्याहूनही जास्त. मधुमेह असेल तर त्या जेवणात भात-पोळी कमी करा.

जास्त फळं आली तर फ्रिजमध्ये अख्खी ठेवू नका, १२ अंशांखालच्या थंडीने साल काळी पडते आणि फळ बिघडू लागतं. फोडी पाच मिनिटं उकळून, निथळून, कोरड्या करून फ्रीझरमध्ये टाका. तळायच्या वेळी हव्या तेवढ्या काढता येतात.

प्रश्न : फळात बी सापडलं नाही. रोप कसं करायचं? अंगणात जागा आहे.
– एक वाचक, ओझर

उत्तर : खायच्या नीरफणसात बी नसतंच. मुळांना फुटलेले धुमारे किंवा मुळांचे तुकडे लावून त्याची रोपं करतात. म्हणूनच १७८९मध्ये ताहितीहून वेस्ट इंडीजला हे झाड न्यायचं तर ‘बाउंटी’ जहाजावर हजाराहून अधिक रोपं कुंड्यांत भरावी लागली होती. वाटेत बंड झालं आणि रोपं समुद्रात गेली. ती पोहोचली दुसऱ्या सफरीत, १७९३मध्ये.

तुमच्या अंगणात मात्र लावू नका, असंच आमचं मत आहे. या झाडाला बारा महिने ऊब आणि दमट हवा लागते, रात्रीचं तापमान १६ अंशांखाली गेलं की त्याची वाढ अडते. तुमच्या शेजारी निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात तिथे हे कोवळं रोप तगणं अवघड. शिवाय उन्हाळ्यातली कोरडी हवाही त्याला सोसत नाही. कोकणात कोणी असेल तर पावसाळ्यात फळं मागवा. पाठवणाऱ्याला एवढं सांगा, की काढल्यावर देठ खाली करून तासभर ठेवायचं, चीक निथळून जातो. मग प्रत्येक फळ कागदात गुंडाळून पाठवायचं. काढल्यापासून दोन-तीन दिवसांतच फळ मऊ पडू लागतं, तेव्हा एका रात्रीत पोहोचेल अशाच गाडीने मागवा.