कॅलरीमापीची गणिते सोडवण्यापूर्वी

कॅलरीमापीतील, म्हणजे उष्णता मोजण्याच्या भांड्यातील, उष्णता विनिमयाची उदाहरणे नव्याने सोडवताना समीकरण मांडण्याची घाई करू नका. अंतिम अवस्था कोणती असेल, याचा अंदाज आधी घ्या. समजा, 15 °से तापमानाच्या 200 ग्रॅम पाण्यात 0 °से तापमानाचा 50 ग्रॅम बर्फ टाकला आणि भांड्याची उष्णता दुर्लक्षित केली. सर्व बर्फ वितळेल असे गृहीत धरून समीकरण सोडवल्यास अंतिम तापमान उणे 4 °से येते, आणि अनेक विद्यार्थी तेच उत्तर लिहून मोकळे होतात. वास्तविक संपूर्ण बर्फ वितळण्यासाठी ग्रॅममागे 80 याप्रमाणे 4000 कॅलरी लागतात, तर पाणी 0 °से पर्यंत थंड होताना केवळ 3000 कॅलरी देऊ शकते; म्हणून 37.5 ग्रॅम बर्फ वितळतो, 12.5 ग्रॅम तसाच उरतो आणि तापमान 0 °से वर स्थिरावते. ही तुलना मी आजही प्रत्येक वेळी कागदावर करतो.

एकके सुरुवातीलाच एकसारखी करून घ्यावीत.

तापवलेला धातू थंड पाण्यात टाकून त्याची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅमचे तापमान एक अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता) काढण्याच्या प्रयोगात मात्र वेगळी सावधगिरी हवी. उकळत्या पाण्यातून काढलेल्या 100 ग्रॅम तांब्याच्या तुकड्याला एक ग्रॅम पाणी चिकटून राहिले, तर तांबे प्रत्येक अंशामागे सुमारे 9.3 कॅलरी देत असताना ते पाणी आणखी एक कॅलरी देते, आणि विशिष्ट उष्माधारकता दहा टक्क्यांहून अधिक चुकते. तुकडा वाफेच्या पेटीत कोरडाच तापवणे मला अधिक योग्य वाटते.