व्यक्तिचित्र : चेहरे गुलाबी का होतात?

प्रश्न : नववीच्या वर्गात चाळीसेक मुलं आहेत. व्यक्तिचित्रात डोळे कपाळावर चढतात. पोस्टर कलरमध्ये चेहरा खडूसारखा गुलाबी होतो, सावली हिरवट पडते. काय चुकतं?
– एक कलाशिक्षिका, चोपडा

उत्तर : डोळे माथा आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर असतात. केसांखालची कवटी मुलांच्या लक्षात येत नाही, म्हणून कपाळ आखूड होतं. तोंडी सांगून हे पटत नाही, मोजायला लावा. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी. कोपर वाकलं की माप बदललं. नाकाचा तळ भुवई ते हनुवटीच्या मध्यावर आणि ओठांची फट नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांशावर धरा. समोर बसलेल्याने मान खाली घातली की ही मापं लागू पडत नाहीत. म्हणून त्याची नजर समोर हवी, आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवा, म्हणजे पुढच्या तासाला तीच जागा मिळते.

रंगाआधी एका बाजूच्या खिडक्या लावून घ्या. दोन्हीकडून उजेड आला तर सावलीच पडत नाही आणि मुलं ती मनाने घालतात. पहिला पूर्ण तास फक्त रेखाटनाला द्या, दुसरा एकट्या बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी रंगात) उजेड, मधली छटा आणि सावली लावायला. हा दुसरा तास वाचवू नका. चेहऱ्याला गोलाई इथेच येते.

आता गुलाबीपणा. तयार ‘स्किन’ रंगाची बाटली वर्गात नकोच. आपल्या सावळ्या, गव्हाळ मुलांनी स्वतःचा चेहरा त्या रंगात का रंगवावा? दोन भाग यलो ऑकर (मातकट पिवळा), एक भाग बर्न्ट सिएना, ब्रशच्या टोकावर येईल एवढा व्हर्मिलियन (शेंदरी लाल). हे मिश्रण मनगटाशेजारी धरून जुळवायचं. रंग सावळा असेल तर सिएना वाढवायचा. पांढरा फक्त उजेडाच्या बाजूला, तोही थोडा. सगळीकडे मिसळला की खडू दिसतो. सावली हिरवट होते ती काळ्यामुळे, कारण ऑकरमध्ये काळा पडला की शेवाळी रंग होतो. त्याऐवजी सिएनात किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) घाला. पोस्टर कलर वाळल्यावर फिकट छटा गडद आणि गडद छटा फिकट होते, म्हणून आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या. अजिंठ्याला सहल गेलीच तर तिथल्या चेहऱ्यांत नाकाच्या दांड्यावरचा उजळ रंग मुलांना दाखवा, पांढरा किती थोडा पुरतो ते दिसेल.

मार्च-एप्रिलच्या आपल्याकडच्या उन्हात प्लेटमधला रंग बघता बघता सुकतो. सकाळच्या शाळेत पहिलाच तास मागून घ्या आणि प्लेटवर ओलं फडकं झाका. सुकलेल्या रंगावर जाड थर चढवला तर तडे जातात.

प्रश्न : मोबाइलवरच्या फोटोवरून काढलं तर?
– एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : सरावाला चालेल, पण फ्लॅशचा फोटो नको, त्यात नाक सपाट होतं. खिडकीशी बसवून, दोन-तीन मीटर लांबून काढा. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान लहान येतात, आणि तेच चित्रात उतरतं.