वाचक विचारतात : ‘काम करता का?’

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी मालवण तालुक्यातल्या मच्छीमार कुटुंबांची पाहणी करते आहे. ‘तुम्ही काही काम करता का?’ असं विचारलं की बऱ्याच बायका ‘काय नाय, घराकडेच आसतंय’ म्हणतात, आणि मागे अंगणात खारवलेले बांगडे वाळत असतात. उत्तर खोटं धरून मीच ‘कामकरी’ लिहू का?

उत्तर : खोटं नाही, आणि परस्पर खोडूही नका. तत्त्वज्ञ विटगेन्स्टाइनने म्हटलंय तसं, बहुतेक ठिकाणी शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा भाषेतला वापर. त्या बाईच्या बोलण्यात ‘काम’ म्हणजे पगाराचं किंवा रोजावरचं. जनगणनेतला ‘काम’ हा शब्द दिसायला तोच, पण त्यात बिनमोबदला केलेलं उत्पादक कामही येतं. वर्षात 6 महिने किंवा जास्त असेल तर ‘मुख्य’, कमी असेल तर ‘सीमांतिक’. दोघींचा शब्द एक, हिशेब दोन. घोटाळा तिथे आहे.

म्हणून प्रश्नातून ‘काम’ हा शब्दच काढा. कृती विचारा: काल मासे निवडले कोणी? चिरून मीठ कोणी लावलं? वाळत घातलेले कोणी उलटले? टोपली बाजारात कोणी नेली, पैसे कोणाच्या हातात आले? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सुकवलेलं विकायचं की पावसाळ्याच्या बेगमीचं? विकायचं असेल तर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या (सरकारी पाहणीच्या) पद्धतीत तिचा कोड 11 (स्वतःचा व्यवसाय) किंवा 21 (घरच्या व्यवसायात बिनपगारी मदत) ठरतो. ‘घरीच असते’ एवढ्यावर लिहून मोकळं झालात, तर 92, म्हणजे फक्त घरकाम.

वहीत दोन रकाने ठेवा: एकात तिचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात तुमचा कोड. तत्त्वज्ञ पीटर विंचने 1958 मध्ये हेच मांडलं होतं. अभ्यासकाने स्वतःची संज्ञा जरूर वापरावी, पण ती लोकांच्या संज्ञांशी बांधलेली हवी. त्याचं उदाहरण अर्थशास्त्रातल्या ‘रोखता पसंती’चं (म्हणजे पैसा रोख हाताशी ठेवण्याची ओढ): व्यापारी धंदा करताना हा शब्द वापरत नाही, पण पैसा, नफा, जोखीम या त्याच्याच कल्पनांवर ती संज्ञा उभी असते.

रापणीतही (किनाऱ्यावरून दोरांनी मोठं जाळं ओढायची सामूहिक मासेमारी) हीच चूक होते. दोर ओढणाऱ्याला ‘मजूर’ लिहून 51 (रोजंदारी) हा कोड टाकतात. त्याला मजुरी नव्हे, वाटा मिळत असेल, तर तो कोड चुकला. (शिवाय तो रागावेल, ते वेगळंच.)

प्रश्न : पाहणी जूनमध्ये केली तर चालेल?

उत्तर : ‘गेल्या 7 दिवसांत’ असं विचारणार असाल तर नको. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. निम्मा गाव बेकार दिसेल. 365 दिवसांचं विचारा, पण महिन्यांच्या नावाने नव्हे: नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत, दिवाळी ते शिमगा, शिमग्यापासून होड्या वर ओढेपर्यंत. असे टप्पे पाडले की लोकांना नीट आठवतं.