डिजेरिडू शिकताना: खर्ज, टिपऱ्या आणि मर्यादा

डिजेरिडू, म्हणजे ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे लांब, पोकळ लाकडी फुंकवाद्य, हाती घेताच अखंड श्वासाच्या (स्वर न तोडता श्वास घेण्याच्या) मागे लागू नका; पहिले काही आठवडे ओठ सैल ठेवून एकच खर्ज स्थिर लावण्यात घालवा, कारण ओठ आवळून जोरात फुंकले की चढा स्वर निघतो आणि दम उगाच संपतो. खर्ज बसल्यावर ग्लासभर पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढत राहा: गालांत हवा साठवायची, ती गालांनीच बाहेर ढकलायची आणि नेमक्या त्याच क्षणी नाकाने झटकन श्वास ओढायचा. बुडबुडे तुटले नाहीत की युक्ती साधली; आपल्याकडचे सनईवादकही याच रीतीने स्वर अखंड ठेवतात. घेरी आल्यास थांबा.

तालाकडे मात्र नवशिके फार दुर्लक्ष करतात. उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्न्हेम लँडमध्ये, जिथे योल्ङू हे मूळ रहिवासी या वाद्याला यिदाकी म्हणतात, लाकडी टिपऱ्यांची जोडी बहुधा गायकाच्याच हाती असते आणि डिजेरिडूवादक त्याच्या लयीमागे जातो. म्हणून आधी टिपऱ्यांवर लय पक्की करावी, असे माझे मत आहे.

वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचे अस्सल वाद्य घ्यायचे असेल, तर ते आर्न्हेम लँडमधल्या यिरकाला येथील कला केंद्रासारख्या, तिथल्याच लोकांच्या संस्थेकडून घ्या. (सरावाला प्लास्टिकचा पाइपही चालतो.) विधींतील गीते त्या त्या कुळांच्या मालकीची असतात, त्यामुळे ध्वनिमुद्रणांवरून त्यांची नक्कल करून ती मंचावर सादर करू नका, स्त्रियांनी हे वाद्य वाजवण्याबाबतचे संकेतही प्रदेशागणिक निराळे आहेत, तेव्हा तिथल्या जाणत्यांना विचारूनच पुढे जा.