पाय घसरला की हात आपोआप का उडतात?

शेवाळलेल्या फरशीवर पाय पुढे सटकतो तेव्हा धड मागे कलंडतं. त्याच क्षणी हात झटक्यात पुढे-वर जातात. तुम्ही विचारलंय, याने खरंच तोल सावरतो का? हो, सावरतो.

डोकं, धड आणि हात मिळून शरीराचं साधारण दोन तृतीयांश वजन कमरेच्या वर असतं. दोन्ही हातांचं वजन जेमतेम दहा टक्के, पण ते वेगाने फेकले की गुरुत्वमध्य थोडा पुढे सरकतो आणि धडाचं मागे फिरणं मंदावतं. तेवढ्या निमिषात दुसरा पाय टेकवायला वेळ मिळतो. खरा आधार त्या पावलाचाच, हात फक्त सवड काढून देतात.

बांधावरून चालताना आपण हात पसरतो, डोंबाऱ्याची मुलगी दोरीवर आडवी काठी धरते, तत्त्व एकच: वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं शरीर सावकाश कलंडतं.

म्हणून घरातल्या वयस्कर माणसांना कळकळीने सांगा, पावसाळ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना उतरू नका. एक हात कठड्यासाठी मोकळा हवाच. खिशात हात घालून ओल्या फरशीवर चालणंही तितकंच धोक्याचं.