तबल्यावर कोण होतं हो?

प्रश्न : जुन्या बाजारात रविवारी एक एलपी मिळाली, बीटल्सची 'रिव्हॉल्वर', दोनशे म्हणाला, दीडशेत दिली, एका बाजूला चरे आहेत पण वाजते. मागच्या कव्हरवर बारीक अक्षरात अनिल भागवत, तबला असं छापलंय. आजोबांनी भिंग लावून वाचलं आणि तेव्हापासून घरात हा एकच विषय. त्यांचं म्हणणं, हा आपल्या सदाशिव पेठेतल्या भागवतांपैकीच असणार, त्यांच्यातला एक मुलगा त्या सुमारास विलायतेला गेलाच होता म्हणे. खरं काय? आणि त्याच गाण्यात सतार कुणी वाजवलीये, ते नाव का नाहीये कव्हरवर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आजोबांना आधी नमस्कार सांगा. भिंग लावून कव्हर वाचणारी माणसं आता राहिली नाहीयेत, सगळे मोबाईलवर गाणं लावतात आणि कोण वाजवतंय याचा पत्ताच नसतो.

नाव खरंय. गाणं 'लव्ह यू टू', बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं, ११ एप्रिल १९६६ ला लंडनच्या अॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत रेकॉर्ड झालं आणि ऑगस्टमध्ये रेकॉर्ड बाजारात आली. आता सदाशिव पेठेचं म्हणाल तर आडनावावरून पत्ता काढायला निघालात तर निम्म्या पेठा पालथ्या घालाव्या लागतील, भागवत काय एका वाड्यात मावणारे आहेत का! आजोबांना तो वाडा आणि त्या मुलाचं पूर्ण नाव आठवत असेल तर तिथून सुरुवात करा, नुसत्या आडनावावर नको.

पण या भागवतांचा किस्सा ऐकाच, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यातच आहे. त्यांनी स्वतः पुढे सांगितलंय की अंगडी नावाच्या गृहस्थांचा फोन आला, आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळा आहेस का. आता लंडनमध्ये जॉर्ज काय थोडे असतील? कुठला जॉर्ज हे काही फोनवर निघालं नाही. मग न्यायला दारात रोल्स रॉईस येऊन उभी राहिली तेव्हा कुठे ट्यूब पेटली की हे बीटल्सचं काम आहे. स्टुडिओत हॅरिसनबरोबर बसून तबला सुरात लावला, त्याने सांगितलं रविशंकरांच्या ढंगाचं सोळा मात्रांचं काहीतरी वाजव, आणि बाकी तुझ्या मनाने वाजव. बस. एका संध्याकाळचं काम, आणि साठ वर्षांनी कोथरूडमध्ये भिंग लावून त्याच्यावर वाद चाललेत.

तर हे अंगडी कोण? आयना अंगडी, मूळचे कर्नाटकातले, बायको पॅट्रिशिया इंग्लिश. दोघांनी मिळून लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था चालवली, फिंचली भागातल्या राहत्या घरातून. कुणाला सतारिया हवा, तबलजी हवा, की यांना फोन. हॅरिसन आणि रविशंकर यांची पहिली भेटसुद्धा त्याच वर्षी जूनमध्ये या अंगडींच्याच घरी झाली. म्हणून मी नेहमी सांगतो की वादक शोधायचा तर बँडला विचारू नका, फोन कुणी केला होता ते विचारा. बँडवाले त्या दिवशी स्वतःच्या वाजवण्यात असतात, बोलावणाऱ्याला मात्र माणूस, त्याचं घर आणि त्याला किती पैसे दिले हे तिन्ही लक्षात राहतं.

सतारीचं. कव्हरवर भारतीय वादकांपैकी एकट्या भागवतांचंच नाव आहे. सतार सगळी हॅरिसननेच वाजवली असं म्हणणारे आहेत आणि नाही, त्या सर्कलमधला कुणीतरी होता म्हणणारेही आहेत, दोन्हीकडे जाणती माणसं आहेत. माझं मत विचाराल तर सुरुवातीचा तो संथ तुकडा आधी ऐका, तबला येण्याआधीचा, आणि मग शेवटी लय वाढते तिथली सतार ऐका. हॅरिसनने पहिल्यांदा रेकॉर्डवर सतार धरली १९६५ च्या ऑक्टोबरात, म्हणजे जेमतेम सहा महिने आधी. सहा महिन्यांत हात इतका बसतो का हे आजोबांनाच ठरवू द्या, मला तरी पटत नाही.

आणि नाव का नाही, तर तेव्हाची पद्धतच तशी. त्याच रेकॉर्डवर 'एलिनॉर रिग्बी'मध्ये तंतुवाद्यं वाजवणारे आठ जण आहेत, आठांपैकी एकाचंही नाव कव्हरवर नाही, हॉर्न वाजवणाऱ्या अॅलन सिव्हिलचं मात्र आहे. पुढच्या वर्षी, १९६७ ला, बीटल्सच्याच 'सार्जंट पेपर' या रेकॉर्डमध्ये हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू' आलं. दिलरुबा, तंबोरा, तबला, सगळे सर्कलकडूनच आलेले लोक, आणि कव्हरवर एवढ्या चेहऱ्यांच्या भाऊगर्दीत त्यांच्या नावांना जागा नाही! ती नावं लोकांसमोर यायला पन्नास वर्षं जावी लागली: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. उलट १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला, 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत करायला, तेव्हाच्या वादकांची नावं रेकॉर्डवर नीट छापलीयेत. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी एस. आर. केंकरे. केंकरे हे नाव वाचून आजोबा आता गोव्याकडे वळतील, त्यांना जरा आवरा.

प्रश्न : १९९६ ची पुण्यातल्या एका कॉलेज बँडची कॅसेट आहे माझ्याकडे, रॉकच आहे, गाणी मराठी-इंग्लिश मिक्स. दुसऱ्या साईडच्या तिसऱ्या गाण्यात मधेच एक बासरी येते, अंगावर काटा येतो, पण इनलेवर, म्हणजे डबीतल्या छापील कागदावर, बासरीवाल्याचं नावच नाही, शेवटी 'थँक्स टू दादा' एवढंच. बँड कधीच फुटला. कसं शोधू?
– नाना पेठेतली एक वाचक

उत्तर : आधी एक खात्री करा, ती बासरी आहे का कीबोर्ड आहे. हसू नका, मी स्वतः फसलोय. त्या काळातल्या कीबोर्डवर फ्लूटचा आवाज असायचाच आणि बजेट संपलेले बँड तोच वापरायचे. हेडफोन लावा आणि एका सुरावरून दुसऱ्यावर कसं जातंय ते ऐका. बांबूच्या बासरीत बोट हळूहळू उचलून सूर ओढत नेता येतो, सूर लागायच्या आधी फुंकेची हवा ऐकू येते आणि लांब तुकड्यानंतर वाजवणारा श्वास घेतो. कीबोर्डवर सूर पायऱ्यांसारखा उड्या मारतो आणि दमत तर कधीच नाही. तुमच्या अंगावर काटा येतोय म्हणजे बहुतेक माणूसच असावा.

आता इनले पूर्ण उघडा, घडीच्या आतली बाजूसुद्धा, तिथे अगदी मुंगीएवढ्या अक्षरात रेकॉर्डिस्ट, स्टुडिओ आणि अरेंजर असतात. गायकाकडे जाऊ नका. मी एकदा अशाच एका कॅसेटवरचा व्हायोलिनवाला शोधत होतो तर गायक म्हणाला तो ना, चष्मेवाला, भारी वाजवायचा, नाव नाही बुवा आठवत, आणि ड्रमर म्हणाला आमच्यात व्हायोलिन नव्हतंच. स्टुडिओत गेलो तर तिथल्या नव्या मालकाने जुन्या स्पूलचे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या टेपच्या रिळांचे, खोके रद्दीत घातलेले, मला अक्षरशः पोटात गोळा आला, कारण त्या खोक्यावर आत एक कागद चिकटवलेला असतो, कुठल्या ट्रॅकवर काय, आणि पेन्सिलीने वादकाचं नाव नाहीतर निदान टोपणनाव लिहिलेलं असतं. शेवटी अरेंजर सापडला. हा माणूस गणपतीत ऑर्केस्ट्रे करायचा, त्याच्याकडे रेक्झिनची लाल डायरी, त्यात नावाप्रमाणे नाही तर वाद्याप्रमाणे फोन नंबर लिहिलेले, व्ही खाली सात व्हायोलिनवाले. पाच नंबर बंद, सहाव्याने सातव्याचा पत्ता दिला. भेटले, तर म्हणाले गाणं आठवत नाही, पण त्या दिवशी पावसात स्कूटर बंद पडली होती ती आठवते, आणि ती स्कूटर कुठे बंद पडली हे सांगताना हळूच चाल गुणगुणायला लागले.

तर तुमच्या दादाला शोधा. 'थँक्स टू'मधला माणूस बहुतेक वेळा वादक नसतो, वादक आणून देणारा असतो. कॉलेजचा गॅदरिंग सेक्रेटरी, साऊंडवाला, कुणाचा तरी मोठा भाऊ. आणि बासरीवाला सापडला तर पहिल्याच फोनवर तुम्हीच का ते असं करू नका, गाणं पाठवा, ऐकू द्या, मग बोला. लोकांनी ते दिवस सोडून दिलेले असतात, कुणाला आवडतं आठवण काढलेली, कुणाला नाही.

प्रश्न : माझ्या काकांनी अशा अल्बममध्ये वाजवलंय. तेव्हा एकदाच पैसे मिळाले. आता काही हक्क?
– सिंहगड रोड

उत्तर : तेव्हा कशावर सही केली तो कागद आधी शोधा, त्याच्याशिवाय वकीलसुद्धा पुढे सरकत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात वादकाचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि वाजवणारा म्हणून नाव लागण्याचा हक्क २०१२ च्या. बाहेरचं उदाहरण पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं आहे. क्लेअर टॉरीने १९७३ ला एका रविवारी 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये आवाज दिला, रविवार म्हणून दुप्पट दर, ३० पौंड. गायिका म्हणून नाव होतं, पण ती सुरावट तिचीच होती म्हणून २००४ मध्ये कोर्टात गेली, २००५ मध्ये समेट झाला आणि त्यानंतर गाण्याच्या रचनेत तिचं नाव लागतं. काकांनी लिहून दिलेलं वाजवलं का स्वतःच्या मनाने, हे त्यांना नीट विचारून ठेवा.

ता. क. प्रश्नाबरोबर इनलेचा फोटो पाठवा, कॅसेट नको. गेल्या महिन्यात एकांनी पाठवली ती माझ्या डेकने गिळली आणि रात्री साडेअकरापर्यंत मी पेन्सिल घालून रीळ गुंडाळत बसलो होतो.