बायपासलगतचं शॉपिंग कॉम्प्लेक्स: आधी पायी येणारा बघा

तुम्ही पाठवलेला या कॉम्प्लेक्सच्या येण्याजाण्याचा नकाशा पाहिला, पहिल्या कामाच्या मानानं छान जमलाय. फक्त सुरुवात पार्किंगपासून झालीय, आणि बहुतेक नवखे तिथंच चुकतात. संभाजीनगरच्या बीड बायपाससारख्या रस्त्यावर कितीतरी गिऱ्हाईक शेअर रिक्षातून उतरून चालत येतं. ते कुठं उतरणार, हे आधी ठरवा.

- उतरण्याच्या जागेपासून दुकानाच्या पायरीपर्यंत फूटपाथ सलग हवा. रस्त्यांचे मानदंड ठरवणारी संस्था इंडियन रोड्स काँग्रेस किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते, बाजारात २.५ धरा. विजेच्या डीपी, खांब, पाट्या यातून वगळून. फूटपाथची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नेऊ नका, नाहीतर गुडघे दुखणारी म्हातारी माणसं सरळ रस्त्यावरून चालतात.
- गाड्यांचं गेट चौकाला चिकटवू नका. आत चार-पाच गाड्या थांबतील एवढी जागा सोडा, नाहीतर रांग बायपासवर येते.
- दुचाकींना दाराजवळच जागा द्या. लांब दिलीत तर त्या फूटपाथवरच लागणार.

आणि सावली! मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. आत्ताच कडुनिंब लावा.

सिग्नलचं गणित, सॉफ्टवेअर सध्या बाजूला ठेवा. रविवारी संध्याकाळी जागेवर उभे राहा, लोक रस्ता कुठून ओलांडतात ते नकाशावर टिपा आणि मला पाठवा.